तीन कोटेशनचा कॅमेरा

आमचे हे, म्हणजे सतीश, दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेस ऑफिसर आहेत. सिमेंट असो, सळया असोत की साइटवरच्या माणसांचे बूट, तीन ठिकाणची कोटेशन मागवायची, दरांचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट करायचं आणि सगळ्यात स्वस्त पडेल त्याला ऑर्डर द्यायची. अठरा वर्षं हेच केल्यामुळे घरात टोमॅटोसुद्धा तीन दुकानांत विचारल्याशिवाय येत नाहीत. माझ्या वेळी कोटेशन मागवली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

तर गोष्ट दोन हजार दोनच्या डिसेंबरची. आमची पर्णिका बारावीत होती आणि शाळेचा शेवटचा स्पोर्ट्स डे आला होता. पोरगी पाचवीपासून शंभर मीटर धावते. आमच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने काढलेले त्याचे सात वर्षांचे फोटो आहेत: एकात तिचा बूट, एकात कोपर आणि बाकीच्यांत अल नहदा भागातून येणाऱ्या कुणाच्या तरी पप्पांचं टक्कल. जूनमध्ये ती पुण्याला हॉस्टेलला जाणार होती. म्हणजे दुबईच्या करामा भागातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि फ्रिजची घरघर. मला एकच फोटो हवा होता, धावतानाचा, चेहरा दिसेल असा. मी तसं स्पष्ट सांगितलं. जास्त काही मागितलं नव्हतं हो!

"डिजिटल घेऊ या," हे म्हणाले. "हजार दिरहमपर्यंत." मग मनात तेराने गुणून, "तेरा हजार रुपये!" असं स्वतःच ओरडून खाली बसले.

आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात मोहिद्दीन काम करतो. बारा वर्षांच्या ओळखीचा, खोटं बोलणारा नाही. त्याने एक कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "भाभी, दौड़ का फोटो है ना? ये लो. तीन मेगापिक्सेल है, लेकिन फास्ट है. बटन दबाया, खलास." किंमत अकराशे पन्नास.

"आणि तो?" ह्यांनी शेजारच्या चकचकीत डब्याकडे बोट केलं.

तो पाच मेगापिक्सेलचा. नऊशे नव्वद दिरहम, वर बॅग, छोटा स्टँड आणि एक इस्त्री फुकट. कंपनीचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही ऐकलं नाही. मोहिद्दीन म्हणाला, "सर, अच्छा है, लेकिन स्लो है. घर, बिल्डिंग, भाभी, सबका फोटो आएगा. दौड़नेवाले का नहीं आएगा."

मला बिल्डिंगच्या पंगतीला बसवलं ते मी सोडून दिलं. ह्यांनी मात्र आणखी दोन दुकानांतून कोटेशन आणली आणि रात्री जेवणाच्या ताटाशेजारी स्टेटमेंट मांडलं. शेवटचा कॉलम होता 'प्रति मेगापिक्सेल दर'. पाचवाला एकशे अठ्ठ्याण्णव दिरहमला एक मेगापिक्सेल, तीनवाला तीनशे त्र्याऐंशीला. जणू पोरीचा फोटो नव्हे, वाळूचा ट्रक मागवायचा होता.

"स्पीडचा कॉलम कुठाय?" मी विचारलं.

"स्पेसिफिकेशनमध्ये स्पीड कुणीच लिहिलेला नाही. म्हणजे सगळ्यांचा सारखाच असणार."

कप्पाळ माझं! पण दुकानात उभं राहून एकदा बटण दाबून बघावं, हे मलाही सुचलं नाही, हे कबूल करते. इस्त्री चांगली होती.

बरं, आणला तर आणला, वापरून तरी बघावा? छे! सात दिवसांत सीलबंद परत केला तर बदलून मिळणार होता, आणि तेवढ्यात कुठे सेल लागला तर? म्हणून डबा कपाटावर. रोज संध्याकाळी हे त्याच्याकडे प्रेमाने बघायचे. सील तुटलं ते स्पोर्ट्स डेच्या सकाळी, ग्राउंडवर, पर्णिका स्टार्टिंग लाइनवर गेल्यावर. तेही नखाने हळूच, स्टिकर फाटू नये म्हणून.

पिस्तूल वाजलं. मुली निघाल्या. ह्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याने आधी विचार केला, मग पुढचं भिंग आत-बाहेर केलं, पुन्हा विचार केला आणि पोरगी नाकासमोरून निघून गेल्यावर 'टिक' म्हणाला. हे परत दाबतायत, तो परत विचार करतोय. शर्यत संपली. पर्णिका चौथी आली.

आम्ही मागचा स्क्रीन बघितला. तीन फोटो. तिन्हींत रिकामी लेन. काय स्वच्छ आली होती म्हणून सांगू! पाच मेगापिक्सेल! चुन्याच्या रेघेवरची मुंगीसुद्धा दिसली असती.

"तुमच्या सळया जागच्या हलत नाहीत हो!" मी चारचौघांत ओरडले. "पोरगी पळते! सगळ्या जगाचे दर काढता, तिला एवढं एकदा धड बघता येईना तुम्हाला?"

एरवी हे मला चार आकडे सुनावतात. त्या दिवशी नुसती टोपी काढली आणि म्हणाले, "चुकलंच गं माझं. आता कुठली परत शर्यत." डोळे भरले होते. मला आणखीच संताप आला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पर्णिका घामाघूम होऊन आली. फोटो बघून आधी खो खो हसली, मग बापाचं तोंड बघून थांबली. "चिल, बाबा. आय विल रन अगेन."

ग्राउंड रिकामं होत होतं, खुर्च्या गोळा होत होत्या. ती एकटी लाइनवर जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा पुन्हा रिकामी लेन. दुसऱ्यांदा वेणीचं टोक. मग मी पुढाकार घेतला. ती पाण्याच्या निळ्या पिंपाशी पोचली की मी "यल्ला!", म्हणजे अरबीत 'चला', म्हणायचं आणि ह्यांनी दाबायचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चिंतन होईपर्यंत पोरगी समोर येईल. तिसऱ्यांदा अर्धा चेहरा आला. चौथ्यांदा हे स्क्रीनकडे बघतच राहिले.

"डिड यू गेट इट?" ती लांबून ओरडली.

"नाही गं," हे म्हणाले. "परत."

ती परत धावली. यल्ला, टिक. "नाही." ती परत गेली. ऊन चढलं होतं, पोरगी लाल झाली होती. सहाव्या खेपेलाही "नाही" ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. नऊशे नव्वदचा डबा आत्ताच्या आत्ता पिंपात बुडवते म्हणून मी त्यांच्या हातातून ओढला आणि मागे-पुढे बटण दाबत गेले.

चौथ्या खेपेचा फोटो होता. दोन्ही पाय जमिनीपासून वर, केस उडालेले, तोंड भरून हसू. पाचव्याचाही होता. सहाव्याचाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पलीकडे लाइनवर कमरेवर हात ठेवून ती उभी होती, बघत होती.

"आई? कॅन आय स्टॉप नाउ?"

मी कॅमेरा ह्यांच्या हातात परत दिला.

"नाही आला गं बाई!" मी ओरडले. "परत एकदा धाव."