ठंडी तार

भीमराजनं आयुष्यात हजारो जळलेल्या मोटारी भरल्या असतील, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा घसा कोरडा पडला तो एका शब्दानं. शब्द होता ‘न्यूट्रल’.

आखाडा बाळापूरला रस्त्यालगत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की माणूस आधी भीमराजला सांगणार, मग घरी बायकोला. हातात कसब होतं, कागद नव्हता. कागद नाही म्हणून वायरमनचा परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून शाळेच्या चार खोल्यांचं वायरिंगसुद्धा कालच्या पोरांना मिळायचं. शेवटी त्यानं कळमनुरीला शनिवार-रविवारच्या तारतंत्रीच्या वर्गात नाव घातलं. वयाची अट नव्हती. बाक मात्र शाळकरी पोरांच्या मापाचे होते, आणि गुडघे कुठं ठेवावेत हाच पहिला धडा झाला.

पण परवाना हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण हबीब उस्ताद.

दुकान मुळात उस्तादांचं. भीमराज सतराव्या वर्षी तिथं कामाला लागला आणि तिथलाच होऊन गेला. उस्तादांच्या हिशेबी जगात तारा दोनच. करंट घेऊन येते ती गरम, परत नेते ती ठंडी. दुपारी बशीत ओतलेला अर्धा चहा उस्ताद त्याच्याकडं सरकवायचे आणि उरलेला स्वतः कपानं प्यायचे. काय दिवस होते ते! अजून दुकानात वार्निशचा डबा उघडला की भीमराजचे डोळे भरून येतात. कुणी विचारलंच, तर तो वार्निशवर ढकलतो.

भीमराज कामाला लागला त्याच वर्षी उस्ताद नांदेडला वायरमनच्या परीक्षेला गेले होते, ईदचा कुर्ता घालून. तोंडी परीक्षेत साहेबानं तार दाखवून विचारलं, ही कोणती? उस्ताद म्हणाले, “ठंडी.” साहेब इतका हसला की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. उस्ताद परतले, कुर्ता घडी करून पेटीत ठेवला आणि पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नाही. शेवटच्या आजारात मात्र त्यांनी भीमराजचा हात धरला होता. “भीम, तू जा. लेकिन किताब के लफ्ज लेके जा. मेरे नक्को.”

भीमराजला हिंमत गोळा करायला त्यानंतर सहा वर्षं लागली.

त्याची लेक दीक्षा भाकरी थापता थापता त्याची उजळणी घ्यायची. “बाबा, गरम म्हंजे?”

“फेज.”

“अन् ठंडी?”

“न्यू... न्यू... थांब की जरा, तोंडावर येऊन राहिलं!”

“न्यूट्रल, बाबा!”

“व्हय, तेच.”

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते. वर्गाच्या शिक्षिका साधना मॅडम शेजारी बसल्या होत्या, उमेदवारापेक्षा जास्त घाबरलेल्या. परीक्षकांनी बोर्डावरची काळी तार दाखवली.

“काका, ही कोणती?”

येत होतं. अगदी जिभेवर होतं. भीमराजनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “ठंडी.”

परीक्षकांना हसू आवरेना. भीमराजची कानशिलं तापली. घडी केलेला तो कुर्ता त्याच्या डोळ्यांपुढं आला. गेलं! उस्तादांनी एवढं बजावून सांगितलं, आणि त्यानं नेमकं तेच केलं. तो उठायलाच निघाला, तशी मॅडमनी हातानं खूण केली, बसा.

“न्यूट्रल म्हणतात तिला,” परीक्षक म्हणाले. “बरं, तिला हात लावला तर करंट बसतो का?”

आता लपवायला काही उरलं नव्हतं. भीमराज आपल्या भाषेत बोलू लागला.

“बसतो ना. खांबाकडून ठंडी तुटली असंल अन् घरातलं बटन चालू असंल, तर गरम बल्बातून ठंडीत उतरती. बल्ब काई लागत न्हाई. माणसाला वाटतं लाइट गेली. तो बिनधास्त हात घालतो अन् चिकटतो. म्हणून ठंडीलाबी टेस्टर लावल्याबिगर बोट लावायचं न्हाई. नाव ठंडी हाय साहेब, भरोसा न्हाई तिचा.”

परीक्षकांचं हसू मावळलं. “सकाळपासून नऊ जणांना विचारलं. सगळे ‘नाही’ म्हणाले. तुम्ही हे कोणत्या पुस्तकात वाचलंत?”

“पुस्तकात न्हाई साहेब. हबीब उस्तादाच्या बोटावर.” भीमराजनं डाव्या हाताची तर्जनी पुढं केली. “कुरुंद्याला हळदीच्या गिरणीत त्यांचं हे बोट पेरापर्यंत जळालं. दुकानात कुणी नवा आला की आधी बोट दाखवायचे, मग पाना हातात द्यायचे.”

परीक्षकांनी गुणांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. भीमराज इतका गोंधळला होता की पास की नापास हेही न विचारता उठला. बाहेर येऊन त्यानं नळाला तोंड लावलं आणि तो पोटभर पाणी प्यायला.

महिन्यानं प्रमाणपत्र हातात पडलं. घरी दीक्षा पेढे घेऊन वाट बघत होती, पण भीमराज बसमधून उतरून आधी दुकानात गेला. कोपऱ्यात उस्तादांचं लाकडी स्टूल अजून तसंच होतं. सहा वर्षांत त्यावर कुणी बसलं नव्हतं. त्यानं स्टूल गमज्यानं पुसलं, प्रमाणपत्र त्यावर ठेवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला, सतराव्या वर्षी बसायचा तिथंच.

“उस्ताद,” तो म्हणाला, “अपनी ठंडी पास हो गई.”