नोंद नाही

“पाणी किती उतरलं?” वकीलसाहेबांनी अंगातला कोटही न काढता विचारलं.

“एकवीस मीटर,” मी म्हटलं. “धरणाच्या दरवाजाची दुरुस्ती आहे, म्हणून यंदा पार तळापर्यंत सोडलंय. वोलेन वाडीच्या गोठ्याची भिंत उघडी पडलीय.”

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आमच्या कचेरीतून धरणाचा जलाशय दिसतो. एप्रिलमध्ये, डोंगरावरचा बर्फ वितळण्याआधी, तो वर्षातला सगळ्यांत रिकामा असतो. दर एप्रिलला हा माणूस इथं येऊन असा उभा राहायचा. येता आलं नाही तर ऑस्लोहून फोन, आणि पहिला प्रश्न हाच.

आस्लाक ब्रेके आठ वर्षं आमचे नगराध्यक्ष होते, मग बारा वर्षं संसदेत. तरी खोऱ्यात त्यांना ‘वकील’च म्हणतात, आणि ते काही सगळेच कौतुकानं म्हणत नाहीत. मी रग्ना, त्यांची वकिलीच्या दिवसांपासूनची टंकलेखिका. शाळा, वृद्धाश्रम, पोहण्याचा तलाव, सगळं त्यांनी धरणाच्या विजेवर उभं केलं. पण तलावाच्या उद्घाटनाला आयांनी तान्ही बाळं पाण्यात उतरवली, तेव्हा पांढरेफटक पडून ते बाहेर निघून गेले. कचेरीतल्या नळाचं पाणीही त्यांनी कधी ओठाला लावलं नाही, कारण तो नळ धरणावरचा. लोक म्हणाले, मोठेपणाचे नखरे. मला खरं कारण माहीत होतं. माहीत असून मी मूग गिळून बसले, हे आधीच सांगून टाकते.

एकवीस वर्षांपूर्वी वोलेन नावाची शेतवाडी धरणात जायची ठरली. साहेब वीज कंपनीचे वकील. मोबदला ठरवायला न्यायाधीश आणि पंच बूट घालून जागेवर येतात, तसे त्या वेळीही आले. साहेबांनी तारीख मुद्दाम मार्चची घेतली होती. कमरेएवढ्या बर्फाखाली कुरण चांगलं की वाईट, कोणाला दिसणार? त्या दिवशी मालकीणबाई गुरोनं साहेबांना स्वयंपाकघरात बोलावलं. मी दाराशी वही घेऊन उभी होते.

स्पॅनिश फ्लूच्या हिवाळ्यात तिची मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली होती. चर्चचा रस्ता बर्फानं बंद. गुरोनंच घरात तिला बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं ओस्ने. बापानं गोठ्याच्या भिंतीशी, रोवनच्या झाडाखाली, दोन दिवस शेकोटी पेटवून जमीन मऊ केली आणि तिला पुरलं. वसंतात पाद्री स्कीवरून आला आणि त्यानं रीतीप्रमाणे तीन फावडी माती टाकली. चर्चच्या वहीत मुलीचं नाव आलं, जागा आली नाही.

“पाणी यायच्या आधी तिला वर काढा,” गुरो म्हणाली होती.

“आज हे बोललात तर निकाल वर्षभर लांबेल. कशाला? मी बघतो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. आमच्याकडे हात दिला की शब्द दिला.

अंगणात न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला. जागेत कोणाची कबर आहे का?

“नोंद नाही,” साहेब म्हणाले.

शब्द न् शब्द खरा. मी तो टंकला. जूनमध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले.

“वृद्धाश्रमातून फोन होता,” मी खिडकीशी उभ्या साहेबांना म्हटलं. “गुरोचे थोडेच दिवस उरलेत. तुम्हाला बोलावलंय.”

त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसती मान हलवली.

गुरो चाकांच्या खुर्चीत बसून बशीतली कॉफी पीत होती, साखरेचा खडा दातांत धरून.

“आलास, वकिला? बस. तुझाच आश्रम आहे.”

“तब्येत कशी आहे, गुरोबाई?”

“मरतेय. ते राहू दे. ओस्नेला वर आण. चर्चच्या आवारात माझ्याशेजारी ठेव. मी बघतो म्हणाला होतास ना? मग बघ आता.”

“त्या वेळी कामाचा एवढा रगाडा होता...”

“विसरलास?”

हो म्हणून सुटता आलं असतं. बारा वर्षं संसदेत काढलेल्या माणसाला वेळ मारून नेणं काय अवघड?

“नाही,” ते म्हणाले. “एक दिवससुद्धा विसरलो नाही.”

“मीपण,” म्हातारी म्हणाली आणि बशी खाली ठेवली.

कबर उघडायला परवानगी लागते. पोलीस अधिकाऱ्यानं मोबदल्याच्या निकालाचा जुना कागद काढून पाहिला. त्यात कबरीची नोंद नाही, मग परवानगी कशाची देणार? तिथं कबर होती आणि ती आपल्याला माहीत होती, असं कोणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं होतं. आणि सोमवारी दुरुस्ती संपून दरवाजे बंद होणार होते.

ही बातमी पक्षाच्या टॉर्गाइरपर्यंत तासाभरात पोहोचली. शनिवारी दोन वाजता उमेदवारांची यादी ठरायची होती आणि तो सभेचा अध्यक्ष. धापा टाकत कचेरीत आला.

“वेड लागलंय का, आस्लाक? सप्टेंबरात मतदान आहे. त्यानंतर दे की लिहून!”

“सप्टेंबरात तिथं वीस मीटर पाणी असेल.”

“मग पुढच्या एप्रिलला.”

“तेव्हा गुरो नसेल.”

“एका म्हातारीसाठी अख्ख्या खोऱ्याचा माणूस घालवायचा? यादीत पहिलं नाव तुझं आहे. हा कागद गेला तर मीच माझ्या हातानं ते खोडीन, सांगून ठेवतो.”

दार आपटून तो गेला. साहेबांनी कोट उचलला.

“रग्ना, उद्या बघू,” ते म्हणाले.

ते ‘बघू’ ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी यंत्रात कोरा कागद चढवला.

“सांगा.”

“काय सांगू?”

“मला काय माहीत! मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, मी टंकलं. आताही तसंच.”

मग त्यांनी सांगितलं. भरभर, मधे न थांबता, जणू वर्षानुवर्षं पाठ होतं. मार्चची तारीख, स्वयंपाकघर, दिलेला हात, सगळं. शेवटी मी माझं एक वाक्य घातलं, की हे टंकलेखिकेलाही ठाऊक होतं.

“त्याची गरज नाही,” ते वाचून म्हणाले.

“मला आहे,” मी म्हटलं. तेव्हा त्यांनी सही केली.

शनिवारी दुपारी आम्ही गोठ्याच्या भिंतीशी चिखलात उभे होतो. पोलीस अधिकारी, पाद्रीणबाई, चर्चचा कबर खोदणारा, साहेब आणि मी. गुरोला वर रस्त्यावर खुर्चीत घोंगड्या पांघरून बसवलं होतं. रोवनचा काळा बुंधा अजून उभा होता. भोवती इतकी शांतता होती की चिखल सुकताना तडकतो तेही ऐकू येत होतं. सारखं वाटत होतं, कोणीतरी घरातून बाहेर येईल आणि विचारेल, इतका उशीर?

खोदणारा हातभर खाली गेला, मग आणखी हातभर. हाडाचा तुकडाही नाही. फक्त एका जागी, भाकरीच्या परातीएवढी, काळपट माती लागली.

“ही जमीन काही शिल्लक ठेवत नाही,” तो हळूच म्हणाला.

साहेब गुडघ्यांवर बसले. मला आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वरून गुरोनं हाक मारली, “काय मिळालं?”

 साहेबच ओरडून म्हणाले, “माती. नुसती माती आहे, गुरोबाई!”

“मग ती माती आणा. तीच आहे ती.”

त्यांनी ती काळी माती स्वतःच्या हातांनी छोट्या पेटीत भरली, नखानं कडा खरवडून, अगदी शेवटच्या चिमटीपर्यंत. दोन वाजून गेले होते, तिकडे यादी ठरत असणार. पोलीस अधिकाऱ्यानं पेटी उचलायला हात पुढे केला. आमच्याकडे तान्ह्या मुलाची पेटी बाप काखेत धरून नेतो. या मुलीचा बाप जाऊन तीस वर्षं झाली होती.

“तू नको,” गुरो वरून म्हणाली. “वकिलाला दे.”

तो चढ साधा नव्हता. बूट घोट्यापर्यंत रुतत होते. साहेब पेटी काखेत घेऊन एकेक पाऊल टाकत होते. दोनदा घसरले, पण पेटी कलंडू दिली नाही. रस्त्यावर पोहोचले आणि गुरोच्या खुर्चीपाशी थांबले.

गुरोनं पेटीवर हात ठेवला. मग त्यांच्या चिखलानं भरलेल्या कोटाकडे पाहिलं.

“जड आहे?”

“हो.”

“मग सावकाश चल,” ती म्हणाली. “चर्च लांब आहे.”