बुढन पिंजाऱ्याची तौबा

“बाई, एक खेप तोंडानं म्हना, माफ केलं म्हनून. मान हालवून नाही होत.”

बुढन पिंजारी आमच्या ओसरीच्या पायरीखाली उभा होता. हातात कापसात गुंडाळलेला पितळी गडवा. त्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, झुंबरबाई. चार वर्षांपूर्वी तो आमच्याकडे गाद्या पिंजायला आला होता, त्याच सुमारास हा गडवा नाहीसा झाला होता. नावामुळे तो त्याला कुठे विकता आला नसावा.

“मौलवीसाब म्हनले, पाच वखत नमाज पढतं तं चांगलं हाये, बुढन. पन लोकाची चीज घरात असन तं तौबा कबूल नाही होत. ज्याची त्याच्या हातात द्या लागते अन् त्याच्या तोंडून माफी घ्या लागते.”

मी ओठांवर बोट ठेवलं. त्या चातुर्मासात मी सोमवारचं मौन धरलं होतं. दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. पुन्हा मान हलवली. आकाशाकडे हात केला, संध्याकाळी ये म्हणून. त्याला काय कळलं कोण जाणे. तो एक पायरी वर चढला.

मागच्या साली गावातल्या कापसाच्या जिनिंगमधून सरकीचं पोतं नेताना तो सापडला होता. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं त्याला तुरुंगात न घालता प्रोबेशनवर सोडलं होतं. दर महिन्याला साहेबासमोर हजेरी. दोन वर्षांत दुसरी कुठली चोरी शाबीत झाली तर दोन्हींची शिक्षा भोगायची. तेव्हापासून तो मशिदीत झाडझूड करायचा, खाली मान घालून चालायचा.

तेवढ्यात माझे दीर हिंमतराव शेतातल्या निंदणावरून आले.

“काऊन बे पिंजाऱ्या? घरात बाईमानूस एकटं पाहून शिरला काय?”

“नाही मालक, वापस द्याले आलो.”

“चोर चीज वापस द्याले येते, हे नवीनच आयकून राह्यलो.”

मी दोन्ही हात हलवले, नको नको म्हटलं. दीर माझ्याकडे पाहून म्हणाले, “वहिनीची वाचाच बसली पाह्य. इतकी भेली बिच्चारी.”

बुढन माझ्याकडे बघत राहिला. व्रत मोडायला एक शब्द पुरला असता. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मग देवाला काय सांगू, हा विचार आला, आणि मी तो गिळला.

दिवा लावून पहिलं वाक्य बोलले ते हेच, “तो द्यायला आला होता.” तोवर हिंमतरावांनी त्याला चौकीत नेऊन दोन तास झाले होते.

तालुक्याच्या कोर्टात मी साक्ष दिली, कोणाचं न ऐकता. गडवा त्यानं आपण होऊन आणला, हे सांगितलं. सरकारी वकिलानं शांतपणे विचारलं, “म्हणजे चार वर्षं तो त्याच्याकडेच होता?” मी होय म्हटलं. खोटं कसं बोलणार? माझ्याच तोंडून जुनी चोरी शाबीत झाली. प्रोबेशन रद्द झालं. दोन्ही मिळून दीड वर्ष.

बाहेर व्हरांड्यात गाडीची वाट बघत शिपाई त्याला घेऊन बसला होता. मी जवळ गेले.

“माफ केलं, बुढनभाऊ.”

“आता म्हनलं काय, बाई,” तो हळूच म्हणाला. रागाचा लवलेश नव्हता. “ठीक हाये. माह्यं एक काम झालं.”

मग त्यानं शिपायाला विचारलं, “जोहरच्या, दुपारच्या नमाजची वेळ झाली, जमादार. वजू करू देता काय? नमाजाआधी हातपाय धुवा लागते.”

शिपायानं बेडीचा एक हात मोकळा केला. माझ्याकडे फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात घरून आणलेलं पाणी होतं. मी वरून धार धरली. त्यानं हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, कोपरांपर्यंत पाणी नेलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. उजवा पाय धुतला.

तांब्या रिकामा झाला. मी उपडा करून पाहिला. तोवर गाडी आली आणि शिपाई उठला. बुढन चालू लागला, एक पाय ओला, एक कोरडा.