जावेच्या चेहऱ्यावरचं तेज

पार्लर माझं, आणि तेज मात्र धाकट्या जावेच्या तोंडावर! गिऱ्हाइकं मलाच विचारायची, "तुमच्या जाऊबाई काय लावतात हो?" मला संशय आला. ही नक्की दुसऱ्या पार्लरला जाते. तिचं कपाट उचकटलं, तर निघाली झिजलेली साबणाची वडी.

मग लक्षात आलं, रोज दुपारी मी जेवायला घरी आले की ही बाई तासभर गायब. एके दिवशी वाढलेलं ताट तसंच टाकून मी तिच्या मागे निघाले. ती थेट माझ्याच बंद पार्लरात शिरली. घरातली जादा किल्ली घेऊन! म्हणजे माझीच महागडी क्रीमं फासते होय? मी धाडकन दार उघडलं.

बरण्या जागच्या जागी होत्या. बाईसाहेब फेशियलच्या खुर्चीवर आडव्या होऊन घोरत होत्या.

"घरात पोरं डोळ्याला डोळा लागू देत नाहीत, ताई," ती दचकून उठत म्हणाली. "तुमची गिऱ्हाइकं इथे झोपतात नि ताजीतवानी होऊन जातात, म्हणून मीही येते. तुम्ही नाही झोपत इथे कधी?"

समोरच्या आरशात माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मेकअपमधूनही दिसत होती. बारा वर्षं ती खुर्ची मी फक्त पुसत आले होते.