जयश्रीचा प्रश्न

घडाच्या दुसऱ्या फणीतलं मधलं केळं प्रतिभानं कॅलिपरच्या चिमटीत धरलं. जाडी एक्केचाळीस मिलिमीटर. पुढच्या दोन झाडांवरही तेच. वहीत आकडा लिहून ती सासऱ्यांना म्हणाली, "आबा, उद्या कापायला हवी."

"आणखी भरू दे," कौतिकआबा म्हणाले. "माझा बाप नुसता डोळ्यानं सांगे. तू बी.एस्सी. झालीस, केळीचं झाड नाही झालं."

बारा वर्षं हेच चाललं होतं.

बांधावर तिची लेक वैजयंती आणि धाकटी जाऊ जयश्री एकाच मोबाइलवर वाकल्या होत्या. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजचा फॉर्म होता. लेकीला दर्शनशास्त्र, म्हणजे तत्त्वज्ञान, घ्यायचं होतं, जयश्रीनं एम.ए. केलं तेच. तीन आठवडे प्रतिभा नुसतं "पाहू" म्हणत होती. त्या विषयाला नोकरी कुठे आहे, असं ती चारचौघांत सांगे. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. रसायनशास्त्रात विद्यापीठात दुसरी आलेली आई घरात असताना पोरगी काकीसारखी व्हायला निघाली होती.

"दर्शन घ्याले देऊळ पुरे," आबा हसले. "कालेज कायले पाहिजे?"

वैजयंतीचं तोंड उतरलं. जयश्री मात्र हसतच उठली.

"आबा, एक विचारू? तुमचा अंदाज चुकला, हे तुम्हाला कधी कळतं?"

"कधी म्हंजे? दिल्लीवरून फोन येतो. माल रस्त्यातच पिकला म्हणून."

"आणि ताईंचा आकडा चुकला, हे?"

आबांनी घडावरून हात फिरवला. "तिच्या आकड्यानं कधी कापूनच नाही पाहिलं." मग घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. उद्या मजूर सांगा."

प्रतिभाचाच आकडा जिंकला होता, तरी तिनं वही फटकन मिटली. बारा वर्षांच्या वह्यांना जे जमलं नाही, ते जयश्रीनं दोन वाक्यांत केलं. वर उपकारही करून ठेवले. आणि वैजयंती काकीकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं आईकडे कधी पाहिलं नव्हतं.

"मम्मी, आज लास्ट डेट है," वैजयंती हळूच म्हणाली. "बायोच भरू का फिर?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण खोटी नोंद प्रतिभाच्या हातून आजवर झाली नव्हती, आणि जयश्रीच्या प्रश्नाची किंमत तिनं आत्ताच डोळ्यांनी पाहिली होती.

"दर्शनशास्त्र भर," ती म्हणाली. "पण जे शिकशील, त्यातला पहिला प्रश्न मला विचारायचा. काकीला नंतर."