सलग रेघ

बाबांची अकराची अर्धी गोळी अजून शिलाई मशीनच्या फळीवरच होती, पांढऱ्या रिळाला टेकून... आणि हे डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या वहीत लिहायचंच नाही, असं त्याने जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

बारा वाजून गेले होते. बाबा खुर्चीत बसले होते, म्हणजे त्यानेच काखेत हात घालून बसवलं होतं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. बाकी काही नाही, हे तो तिसऱ्यांदा स्वतःशी म्हणाला. गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, पेला धरला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. दीड वर्ष झालं — सकाळी सात, मग अकरा, मग तीन, पुन्हा सात — आताशा त्याला घड्याळ दिसलं की नुसती जांभई येते.

पार्किन्सनमध्ये पाय असे दारातच चिकटतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. जमिनीवर आडव्या रेघा मारा, ओलांडायला काही दिसलं की पाऊल सुटतं. त्याने कापडावरच्या खडूनेच मारल्या, हातभर अंतरावर. चाळीस वर्षं कापड कापलेले बाबा पहिल्या रेघेशी येऊन थांबले, आणि बघतच राहिले.

"ही तुटक का?"

"घाईत मारली."

"तुटक म्हणजे दुमडायची. कापायची ती सलग. मग काय, दुमडू स्वतःला इथे?"

दोघंही हसले होते तेव्हा. मग त्याने पट्टी लावून सगळ्या रेघा सलग केल्या आणि बाबा खरंच चालले, दारातून थेट बाथरूमपर्यंत, कात्री जावी तसे. पण गोळी पोटात असेल तरच. तिचा असर उतरला की रेघा नुसत्या रेघा.

आज ते हाक न मारता उठले, आणि दुसऱ्या रेघेवर आडवे झाले.

"हाक का नाही मारलीत, बाबा?"

"तू टीप घालत होतास," ते सावकाश, पुटपुटत म्हणाले. "मधे बोललं की वाकडी जाते."

लहानपणी तो असाच मशीनमागे उभा राहायचा, पाठीवर दप्तर, पोटात भूक, टीप संपेपर्यंत गप्प. नियम बाबांचाच... आणि आज बाबा किती वेळ उभे होते माझ्यामागे?

फोन वाजला. पुडी. शाळेपासूनचा दोस्त, आता औषधांच्या दुकानात कामाला असतो, त्यामुळे नाव आणखीच चिकटलंय.

"उद्या दाखवायचंय ना? वही भरलीस?"

"भरतोय... बाबा पडले रे. पण गोळी अकरालाच दिली असं लिहिलं तर?"

"दिलीस कधी?"

"पडल्यावर."

"शहाण्या, बाई म्हणतील गोळी पोटात असून पडले. डोस वाढवतील. मागच्या वेळी वाढवल्यावर काय झालं होतं?"

मागच्या वेळी बाबांची मान, खांदे हलायचे थांबतच नव्हते, आणि हँगरवरच्या कोटाला ते 'बसा ना' म्हणायचे.

"मग मला काय म्हणतील त्या?"

"ओरडतील. तुला ओरडतील ना? ओरडू देत. विसरलो म्हणून लिही."

विसरलो. किती सोयीचा शब्द. त्याने वही उघडली. बाबा समोर स्वतःच्या चपलेकडे बघत होते. अजून गोळी लागू पडली नव्हती, अंगठा पहिल्या रेघेला शिवून पुन्हा मागे जात होता. अलार्म वाजला होता. त्याने तो ऐकला होता, बंदही केला होता, आणि मग एक पँट, मग दुसरी... एक तास, फक्त एक तास, मला कुणाची गोळी व्हायचं नव्हतं.

"विसरलो नव्हतो, पुडी."

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"ऐकू आला होता अलार्म. तेच लिहितो. उद्या वही आधी तुला दाखवतो, मग बाईंना... शप्पथ."