टिकली न टिकणारी जागा

मी भिंत बोलतेय. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमची पश्चिमेकडची भिंत. आवाज जरा बसलेला वाटेल. आतून ओल धरली आहे.

शहाडकडच्या भट्टीतल्या विटांची मी. बिल्डरने सिमेंटमध्ये वाळू घातली की वाळूत सिमेंट, हे मला आजवर कळलेलं नाही. दुपारभर ऊन अंगावर घ्यायचं आणि रात्रभर ते घरात सोडायचं, ही माझी नोकरी. रजा नाही, बढती नाही.

घर प्रभाकरराव आणि सुमेधाबाईंचं. सुमेधाबाईंना दमा आहे आणि त्या माझ्या कडेला झोपतात. झोपताना कपाळावरची टिकली काढून मला लावतात. आरशाचा मान मला मिळतो, म्हणून मीही थोडी मिरवते.

मग वरच्या बाथरूमच्या पाइपाचा सांधा बाहेरून गळू लागला. पाणी माझ्यात मुरलं आणि उशीच्या वरची जागा थंड पडली. वाटलं, आता तरी कुणी ओळखेल. प्रभाकररावांनी तळहात टेकवला आणि खूश होऊन म्हणाले, "अगं, इथे हात लाव. काय गारवा आहे!" पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो गारवा हात लावून बघावा लागला.

यंदा घराचं काम निघालं. आईला उकडतं म्हणून मुलाने, सलिलने, मला आतून इन्सुलेशन लावायचं काढलं. जाड फोम लावला तर पलंग पुढे सरकणार आणि कपाटाचं दार अडणार.

"पातळच शीट हवी," प्रभाकरराव म्हणाले. "माझा सूट आहे कपाटात."

"बाबा, तो तुम्हाला होत नाही."

"म्हणून बघायचाही नाही?"

पातळ शीट ठरली. जाडीवर एवढा खल झाला. माझी तब्येत कुणी विचारली नाही. माझा जीव खालीवर. शीटमागे ओल कोंडणार, बुरशी धरणार, ती कुणाला दिसणार नाही आणि सुमेधाबाईंचं नाक तिथून वीतभर. कळावं म्हणून मी एक पोपडा पाडला. प्रभाकररावांनी तो केरात भरला आणि म्हणाले, "रंग हल्ली चांगले मिळत नाहीत."

शीट बसवणारा महेंद्र कल्याणहून माल घेऊन आला. गोंदाचा डबा उघडत म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. रूम एकदम थंडगार!"

"थांब रे, माझ्या टिकल्या काढू दे," सुमेधाबाई म्हणाल्या. काढता काढता त्या थबकल्या. सगळीकडे टिकल्या होत्या. उशीच्या वर एकही नाही. तिथल्या सगळ्या पलंगामागे गळून पडलेल्या. त्यांनी एक लावून पाहिली. पडली. दाबून लावली. पुन्हा पडली.

"अहो, इथे टिकली टिकत नाही."

"जुनी असेल."

"पाकिटातली नवी आहे." त्यांनी बोट माझ्यावर चोळून नाकाशी नेलं. "शी! हा तुमचा गारवा? ओल आहे ही! जिथे टिकली टिकत नाही, तिथे शीट काय टिकणार?"

महेंद्रने डब्याचं झाकण लावलं. प्रभाकररावांनी तळहात पँटला पुसला.

आता पाइप बदलणार, माझा गिलावा खरवडणार. छिन्नीची भीती वाटते. आतून आणखी काय निघेल, मलाच ठाऊक नाही. सुमेधाबाई सध्या हॉलमध्ये झोपतात. त्यांचा खोकला उतरला आहे, दारातून ऐकू येतं त्यावरून तरी.

शीटबद्दल माझी तक्रार नाही. मी सुकले की जरूर लावा. पण मग मी कुणाला दिसणार नाही. म्हणून झाकण्याआधी, सुमेधाबाई, त्या जागी एक टिकली लावा आणि सकाळपर्यंत थांबा.